शॉट किती वेळ टिकला

टीव्हीवर गाडीचं परीक्षण लागलं की माझी नजर आधी गाडीवर जात नाही. शॉट किती वेळ टिकला, हे मी मोजायला लागते. आयुष्य संकलनाच्या टेबलावर गेल्यावर ही सवय सुटत नाही, आणि ती सुटावी असं मला वाटतही नाही. निवेदक काय बोलतो यापेक्षा कट कुठे मारलाय, यावरच प्रेक्षकाला गाडी कितपत कळणार ते ठरतं, असं माझं ठाम मत आहे. वळणावर गाडी किती झुकते, ब्रेक दाबल्यावर तिचं नाक किती खाली जातं, खड्ड्यातून बाहेर पडल्यावर मागची बाजू किती वेळ हेलकावत राहते, हे बघायला तीन-चार सेकंद तरी लागतात. शॉट सेकंदाभरात उडाला तर रंग आणि चमक तेवढी हाती लागते.

हा प्रकार टीव्हीवर कसा घडत गेला ते बघायचं तर बर्मिंगहॅमला जावं लागतं. १९७७ साली बीबीसीच्या तिथल्या पेबल मिल स्टुडिओतून ‘टॉप गिअर’ हा कार्यक्रम सुरू झाला. तो सुरुवातीला फक्त मिडलंड्स भागापुरता होता. अँजेला रिपन आणि टॉम कॉइन हे पहिले निवेदक. पुढच्याच वर्षी तो बीबीसी टूवरून देशभर दिसायला लागला. नव्या गाड्यांची चाचणी, पेट्रोलचा खप, विमा, जुन्या गाड्यांची खरेदी, रस्त्यावरची सुरक्षितता असे त्याचे विषय. एखाद्या जाणत्या नातेवाइकाने घरी येऊन चार गोष्टी समजावून सांगाव्यात, तसा त्याचा सूर होता.

त्या काळी ब्रिटिश टीव्हीवर स्टुडिओबाहेरचं काम बहुतेक १६ मिलिमीटर फिल्मवर चालायचं. ४०० फुटांचं मॅगझिन साडेदहा मिनिटांच्या आसपास संपतं. मग ते बदला, डबा सील करा, लॅबमध्ये पाठवा, रशेस येईपर्यंत थांबा. आवाज वेगळ्या यंत्रावर. अशा सरंजामात माणूस शॉट आधी डोक्यात पक्का करतो आणि मगच कॅमेरा सुरू करतो. रस्त्याच्या कडेला ट्रायपॉड, डावीकडून गाडी येते, कॅमेरा तिच्याबरोबर वळतो, गाडी उजवीकडे निघून जाते. नंतर निवेदक दार उघडून बसतो, गुडघ्याला जागा किती ते दाखवतो, डिकी उघडतो. चित्र शब्दांच्या मागून चालतं. आज हे संथ वाटतं, पण त्या संथपणात एक मोठा गुण होता. गाडी फ्रेममध्ये आल्यापासून बाहेर जाईपर्यंत कोणी तिला हात लावलेला नसे. ती जशी चालते तशी दिसायची.

नंतर कॅमेरा हलका झाला. सोनीचा बीटाकॅम १९८२ साली बाजारात आला. चित्र आणि आवाज एकाच टेपवर, एकाच यंत्रात आले आणि टीव्हीचं बाहेरचं काम हळूहळू फिल्मवरून व्हिडिओवर सरकलं. गाड्यांच्या परीक्षणाला याचा जो फायदा झाला, तो मला टिफ नीडेलच्या भागांत सगळ्यांत स्पष्ट दिसतो. हा माणूस शर्यतीतला. १९८० च्या बेल्जियन ग्रांप्रीत फॉर्म्युला वन चालवलेला, १९९० साली ल मान्सच्या २४ तासांच्या शर्यतीत तिसरा आलेला. १९८७ पासून तो ‘टॉप गिअर’मध्ये होता. गाडी आडवी घसरत असताना नीडेल कॅमेऱ्याकडे बघून बोलत राहायचा. हात स्टिअरिंग उलट दिशेला फिरवतायत, टायर किंचाळतायत, आणि हा मागचं चाक कधी सुटलं, आता ते कसं परत येतंय, हे सांगतोय. मध्येच आवाज चढतो, एखादं वाक्य अर्धवट राहतं, कारण तेवढ्यात हातांना जास्त काम लागलेलं असतं. ते अर्धवट वाक्य म्हणजे त्या गाडीबद्दलची सगळ्यांत खरी माहिती. समंजस संकलकाने तिथे कट मारलेला नाही. चेहरा, हात आणि काचेबाहेरून सरकणारं मैदान एकाच शॉटमध्ये असल्यामुळे आपला विश्वास बसतो.

जेरेमी क्लार्कसन १९८८ साली आला आणि कार्यक्रमाची भाषा बदलली. त्याची वाक्यं लिहून, घोटून आणलेली असत. वाक्याच्या शेवटच्या शब्दावर कट पडला पाहिजे, अशी त्यांची बांधणी. तोवर चित्र शब्दांच्या मागून चालत होतं, आता ते शब्दांच्या तालावर चालायला लागलं.

इथे थोडं आडवळण घेते, कारण आवाजाबद्दल बोलल्याशिवाय पुढे जाता येत नाही. १९७६ साली क्लोद ललूश या फ्रेंच दिग्दर्शकाने पॅरिसच्या रस्त्यांवर पहाटे एक लघुपट केला. गाडीच्या पुढच्या बाजूला कॅमेरा बांधलेला, आठेक मिनिटं, एकही कट नाही, शेवट मोंमार्त्रच्या टेकडीवर. गाडी होती मर्सिडीज ४५० एसईएल ६.९. कानावर पडतं ते मात्र फेरारी २७५ जीटीबीचं इंजिन, कारण आवाज मागाहून चढवलेला होता. चित्र अखंड आणि आवाज दुसऱ्याच गाडीचा! माझ्या धंद्यातल्या प्रत्येकाने हा लघुपट एकदा डोळ्यांनी आणि एकदा फक्त कानांनी अनुभवावा. प्रेक्षक वेग डोळ्यांनी जेवढा मोजतो तेवढाच कानांनी मोजतो. सिनेमावाल्यांना हे आधीच कळलं होतं. जॉन फ्रँकनहायमरच्या १९६६ च्या ‘ग्रांप्री’ला मिळालेल्या तीन ऑस्करपैकी एक संकलनाचं आणि दोन आवाजाच्या कामाची होती. सिनेमात हे चालतं, शोभतं. परीक्षणात मात्र एका गाडीला दुसरीचा आवाज लावणं म्हणजे प्रेक्षकाच्या खिशाला हात घालणं आहे.

अटलांटिकपलीकडे १९८१ साली मेरीलँड पब्लिक टेलिव्हिजनने ‘मोटरवीक’ सुरू केला. जॉन डेव्हिस त्याचा चेहरा आणि आवाज. त्याची रचना वर्षानुवर्षं फारशी बदलली नाही: शून्यापासून ६० मैलांपर्यंत जायला किती सेकंद, ब्रेकवर किती अंतर, शंकूंमधून नागमोडी फेरी, मग आतली जागा, मग किंमत. अनेकांना हा कार्यक्रम कंटाळवाणा वाटतो. मला तो संकलनाचा उत्तम पाठ वाटतो. शंकूंमधून जाणाऱ्या गाड्या साधारण त्याच चौकटीत, तशाच अंतरावरून दाखवल्या की एका गाडीचं झुकणं दुसरीशी ताडून बघता येतं. जुने भाग सलग बघितले तर दहा-वीस वर्षांत साध्या घरगुती गाड्यांचे सस्पेन्शन कसे सुधारत गेले ते उघड्या डोळ्यांना दिसतं. हा दस्तऐवज कोणी मुद्दाम घडवला नाही. शॉट न बदलण्याच्या शिस्तीतून तो आपोआप साठत गेला.

बीबीसीने २००१ साली जुना ‘टॉप गिअर’ बंद केला. नीडेल आणि काही सहकारी चॅनल फाइव्हवर ‘फिफ्थ गिअर’मध्ये गेले. इकडे क्लार्कसन आणि निर्माता अँडी विल्मन यांनी नवा आराखडा मांडला, आणि ऑक्टोबर २००२ मध्ये ‘टॉप गिअर’ परत आला. जागा सरे परगण्यातलं डन्सफोल्ड, दुसऱ्या महायुद्धात बांधलेला विमानतळ. हॅरिअर लढाऊ विमानांशी जोडलेलं ते नाव आता गाड्यांशी जोडलं गेलं. हँगरमध्ये स्टुडिओ, प्रेक्षक उभे, बाहेर धावपट्टीवर आखलेला ट्रॅक, आणि हेल्मेटआड चेहरा झाकलेला ‘स्टिग’ नावाचा चालक.

खरी उलथापालथ बाहेरच्या चित्रीकरणात झाली. नायजेल सिम्पकिससारखे दिग्दर्शक, बेन जॉइनर, इयन मे, कॅस्पर लीव्हर हे कॅमेरामन. लेन्सवर वरून गडद होत जाणारी काच लावायची, म्हणजे आभाळ काळवंडतं आणि रस्ता उजळ राहतो. कडा अंधाऱ्या, रंग दाबलेले. कॅमेरा डांबराला टेकेल इतका खाली, लेन्स वाइड. मध्येच चाकाचा नट, आरशातलं झाड, धुराड्याचं तोंड, असे क्षणभराचे तुकडे, आणि त्यांच्यामागे एखाद्या सिनेमाचं वाटावं असं संगीत. गाडी कशी चालते यापेक्षा ती चालवताना काय वाटतं, हे दाखवायचं त्यांनी ठरवलं होतं. तंत्र म्हणून मी त्याला मनापासून दाद देते. साप्ताहिक कार्यक्रमात इतकी मेहनत आमच्या व्यवसायात विरळच.

त्याचं टोक म्हणजे २००९ च्या उन्हाळ्यातल्या मालिकेच्या शेवटी आलेला अ‍ॅस्टन मार्टिन व्ही१२ व्हँटेजवरचा भाग. क्लार्कसन जवळजवळ बोलतच नाही. ब्रायन ईनोचं संथ संगीत, ओसाड डोंगराळ रस्ते, आणि अशा गाड्यांचे दिवस सरत आले अशा आशयाची मोजकी वाक्यं. तो भाग मी पुन्हा पुन्हा बघते, आणि दर वेळी हलते. पण गाडी वळणात कशी बसते, तिचे ब्रेक कसे आहेत, हे त्यातून कळत नाही आणि कळावं असा हेतूही नाही. तो निरोप आहे, आणि निरोप म्हणून अप्रतिम आहे. पंचाईत पुढे झाली. जगभरच्या वाहिन्यांनी त्यातलं काळं आभाळ उचललं, तुकड्यातुकड्यांचं संकलन उचललं, आणि तेच साध्या हॅचबॅकच्या परीक्षणाला चिकटवलं.

आमच्याकडेही ही लाट आली. त्या वर्षांत मी मुंबईत एका वाहिनीसाठी गाड्यांचा कार्यक्रम कापत असे, आणि जमेल तेव्हा चित्रीकरणालाही जात असे. गाडी परत करायची घाई असायची, त्यामुळे पहाटे निघून ताम्हिणी नाहीतर लोणावळ्याच्या बाजूला उजाडता उजाडता पोचायचं. पुढे ओम्नी, तिची डिकी उघडी, आत कॅमेरामन पट्ट्याने बांधून पालथा पडलेला, हाताखाली वाळूची पिशवी. मागून परीक्षणाची गाडी. दोन्ही गाड्या ताशी चाळीसच्या वर जात नसत. तोच चाळीसचा वेग टेबलावर शंभराचा होतो तो असा: घाटातले काळे-पांढरे कठडे लेन्सच्या अगदी जवळून जातील अशी बाजू निवडायची. जवळची वस्तू जितकी झपकन सरकते तितका वेग वाटतो, दूरचा डोंगर मात्र हलतही नाही. शटर सेकंदाच्या पन्नासाव्या भागावर ठेवायचं, म्हणजे चाकाच्या आऱ्या फिसकटतात. दहाच्या पुढे आपल्याकडचं ऊन चढलं आणि कोणी आळसाने शटर वाढवलं, की चाक गोठल्यासारखं दिसतं आणि गाडी खेळण्यातली वाटते. म्हणून लेन्सपुढे काळी काच चढवून प्रकाश कमी करायचा, शटरला हात लावायचा नाही. आणि टेबलावर गिअर बदलल्याचा आवाज चित्राच्या सहा-सात फ्रेम आधी सुरू करायचा. कान आधी पुढे जातो, डोळा मागून येतो, आणि कट जाणवत नाही.

यातलं काहीही खोटं नाही, पण हे सगळं वेगाचं काम आहे, परीक्षणाचं नव्हे. परीक्षणाचं काम त्याच रशेसमध्ये असायचं: कॅमेरामन कठड्यावर उतरून उभा, गाडी वळणात शिरते, बाहेरच्या बाजूला झुकते, मधल्या खड्ड्यावर मागचं चाक हलकं उचलतं, पुन्हा बसते, निघून जाते. सहा सेकंद. एकही शब्द नाही. वरच्यांचा निरोप यायचा की शॉट लांबलाय, दोन सेकंदांवर आणा. आणावा लागायचा. घरातली पहिली गाडी घेणाऱ्या माणसाच्या उपयोगाचे ते चार सेकंद होते, आणि ते गेल्याचं मला आजही वाईट वाटतं.

२०११ च्या डिसेंबरात ‘टॉप गिअर’चा भारतावरचा खास भाग लागला. त्यात क्लार्कसन आणि त्याचे दोन सहनिवेदक मुंबईत डबेवाल्यांशी स्पर्धा करायला निघाले. तोवर ती मंडळी परीक्षणाच्या फार पुढे गेली होती. गाडी आता प्रवासकथेतलं पात्र झाली होती. २०१५ मध्ये ते तिघं बीबीसीतून बाहेर पडले आणि पुढच्याच वर्षी अ‍ॅमेझॉनवर ‘द ग्रँड टूर’ घेऊन आले.

एव्हाना साधनं सगळ्यांच्या हाती आली होती. कॅनन ५डी मार्क टू २००८ चा. गोप्रोचे एचडी कॅमेरे त्यानंतर लगेच, पाठोपाठ ड्रोन. पूर्वी ज्या शॉटसाठी हेलिकॉप्टर लागायचं तो आता एकटा मुलगा पाठीवरच्या पिशवीत घेऊन फिरतो. दुरून घाटाची नागमोड आणि त्यात मुंगीएवढी गाडी, हा शॉट इतका स्वस्त झालाय की त्याच्यावरून गाडी ओळखतासुद्धा येत नाही.

मात्र त्याच स्वस्ताईतून एक वेगळी गोष्ट उगवली, आणि तिचं मला फार अप्रूप आहे. कपाळावर किंवा डोक्यामागे कॅमेरा, कानांजवळ दोन बारीक माइक, आणि अर्धा-अर्धा तास न बोलता, न कापता नुसतं चालवणं. गिअर कुठे अडकतो, क्लच किती लांब आहे, ऐंशीच्या पुढे वारा कुठल्या दारातून शिटी मारतो, सगळं ऐकू येतं. मॅगझिन संपण्याची भीती असलेल्या काळातल्या कॅमेरामनला परवडला नसता असा हा शॉट, आणि आज तो बघणारे लोक आहेत.

मीही अजून अधूनमधून परीक्षणं कापते. काम घेताना एकच अट घालते: ताशी ८० वरून थांबेपर्यंतचा ब्रेक एकाच शॉटमध्ये, बाजूने, मूळ आवाजासकट, संगीताशिवाय राहील. बाकी शॉट कितीही छोटे करा म्हणा, मी करून देईन.