डोळ्यात बसलेल्या भिंगाची कुळकथा

रामटेकहून नागपूर पन्नासेक किलोमीटर. उणे नऊ-दहा नंबराचा चष्मा लावणारी इथली मुलंमुली चष्मा घालवायचा म्हणून नागपूरला डोळ्यांच्या दवाखान्यात जातात. दिवसभर तपासण्या होतात आणि संध्याकाळी हातात एक कागद येतो. त्या कागदाचा अर्थ पुष्कळदा एका वाक्यात सांगितला जातो: लेझर होणार नाही, आयसीएल बसवता येईल. म्हणजे डोळ्यातलं स्वतःचं भिंग तसंच ठेवायचं आणि त्याच्यापुढे आणखी एक बारीक भिंग बसवायचं. मग घरात चर्चा सुरू होते. आई म्हणते, धडधाकट डोळ्याला कशाला हात लावायचा? मामा म्हणतो, अमक्याच्या पोरीनं केलं, झकास दिसतं तिला. कागद मात्र कुणी नीट वाचत नाही.

तो वाचायला हवा. त्यावर पटलाची जाडी, पेशींची संख्या, पुढच्या कप्प्याची खोली असे जे आकडे असतात, त्यातला एकेक आकडा कुणाच्या तरी डोळ्याची किंमत मोजून तिथे आलेला आहे. हे भिंग बसवायचं की नाही याचं उत्तर या आकड्यांत आहे आणि आकड्यांचा अर्थ त्यांच्या इतिहासात आहे.

डोळ्यात हत्यार घालण्याचं धाडस आपल्याकडे फार जुनं. त्याचा एक धागा रामटेकच्या परंपरेलाही येऊन भिडतो. इथल्या डोंगरात नागार्जुनाची म्हणून एक टेकडी दाखवतात. रसविद्येत पारंगत असलेला सिद्ध नागार्जुन तिथे राहिला, अशी इथल्या लोकांची श्रद्धा आहे. सुश्रुतसंहितेवर नवा संस्कार करणाऱ्या आचार्याचं नावही टीकाकार डल्हण नागार्जुन असंच सांगतो. या नावाचे अनेक जण होऊन गेले, तेव्हा दोघे एकच असं म्हणता येणार नाही. पण त्या संहितेच्या उत्तरतंत्रात डोळ्याच्या रोगांवर जे लिहिलं आहे, ते आजही थक्क करतं. जवाच्या टोकासारखं अग्र असलेली शलाका डोळ्याच्या पांढऱ्या भागातून आत घालायची आणि दृष्टीच्या आड आलेला मोतीबिंदू बाजूला सारायचा. मग तूप लावून कापडाची पट्टी बांधायची, रोग्याला उताणं निजवायचं आणि शिंक, खोकला, ढेकर यांपासून जपायचं. आत हत्यार गेलेला डोळा किती नाजूक होतो, याची जाण त्या वैद्यांना होती. सारलेल्या भिंगाच्या जागी काही बसवायचं साधन मात्र त्यांच्याकडे नव्हतं.

मोठा उणे नंबर घालवण्यासाठीही आधी काढून टाकण्याचाच मार्ग चोखाळला गेला. १८९० च्या सुमाराला ऑस्ट्रियातल्या व्हिन्सेन्झ फुकाला यांनी खूप मोठ्या उणे नंबराच्या रोग्यांचं निरोगी भिंगच काढायला सुरुवात केली. हिशेब बरोबर होता. उणे नंबराचा डोळा बहुधा लांबीला जास्त असतो. साधारण डोळा मागून पुढे चोवीस मिलिमीटरच्या आसपास भरतो आणि एक मिलिमीटर वाढला की नंबर अडीच-तीनने वाढतो. प्रकाश डोळ्याच्या मागच्या पडद्याच्या अलीकडेच एकवटतो, म्हणून भिंगाची ताकद काढून घेतली की चित्र मागे सरकतं. पण लांब डोळ्याचा पडदा ताणलेला आणि पातळ असतो. शस्त्रक्रियेनंतर अनेकांचा पडदा सुटला आणि ही पद्धत मागे पडली. आज शस्त्रक्रियेआधी बाहुली मोठी करणारे थेंब घालून पडदा कडेपर्यंत तपासतात, कुठे छिद्र किंवा विरलेली जागा दिसली तर आधी तिचा बंदोबस्त करतात. कागदावरची ती ओळ फुकालांच्या रोग्यांची आठवण आहे.

डोळ्यात काही ठेवता येतं हे युद्धानं दाखवून दिलं. १५ ऑगस्ट १९४० ला ब्रिटिश वायुदलाचे वैमानिक गॉर्डन क्लीव्हर यांच्या हरिकेन विमानाचं पर्स्पेक्सचं छत गोळ्यांनी फुटलं आणि त्याचे कण त्यांच्या डोळ्यांत घुसले. नेत्रतज्ज्ञ हॅरल्ड रिडली यांच्या ध्यानात आलं की हे प्लास्टिक डोळ्यात राहूनही डोळा सुजत नाही, चिडत नाही. पुढे एका वैद्यकीय विद्यार्थ्यानं त्यांना मोतीबिंदूची शस्त्रक्रिया पाहताना विचारलं की काढलेल्या भिंगाच्या जागी दुसरं का बसवत नाही. २९ नोव्हेंबर १९४९ ला लंडनच्या सेंट थॉमस रुग्णालयात रिडलींनी पर्स्पेक्सचं भिंग डोळ्यात बसवलं. डोळ्यात परकी वस्तू ठेवणं त्या काळच्या शास्त्राला मान्य नव्हतं, त्यामुळे त्यांना वर्षानुवर्षं टीका सोसावी लागली. आज आपल्या आजी-आजोबांच्या मोतीबिंदूच्या शस्त्रक्रियेत जी लेन्स बसते, तिचं मूळ तिथे आहे.

रिडलींचा रोगी आजारी डोळ्याचा होता. निरोगी डोळ्यात, स्वतःचं भिंग शाबूत ठेवून दुसरं बसवायचं पाऊल १९५३ मध्ये इटलीच्या बेनेदेत्तो स्त्राम्पेल्ली यांनी उचललं. त्यांनी उणे नंबरासाठी भिंग डोळ्याच्या पुढच्या कप्प्यात, म्हणजे पारदर्शक पटल आणि बाहुलीभोवतीचा रंगीत पडदा यांच्या मधल्या जागेत ठेवलं. बार्सिलोनाच्या होआकिन बाराकेर यांनी अशी दोनशेहून अधिक भिंगं बसवली. सुरुवातीला रोगी खूश होते, चष्म्याविना लख्ख दिसत होतं. काही वर्षांनी पटलं सुजू लागली, धुरकट होऊ लागली. निम्म्याहून अधिक भिंगं त्यांना परत काढावी लागली.

झालं होतं असं की पटलाच्या आतल्या बाजूला पेशींचा एकच थर असतो. पटलातलं पाणी सतत बाहेर काढून ते स्वच्छ ठेवण्याचं काम या पेशी करतात. तरुण डोळ्यात एका चौरस मिलिमीटरमध्ये अडीच-तीन हजार पेशी असतात, दरवर्षी थोड्या मरतात आणि त्यांच्या जागी नव्या येत नाहीत. पुढच्या कप्प्यातली जाडजूड भिंगं या थराच्या फार जवळ होती. त्या वेळी जिवंत माणसाच्या डोळ्यातल्या पेशी मोजायची सोय नव्हती, म्हणून पटल धुरकट होईपर्यंत काही कळत नसे. आज कागदावर पेशींची संख्या असते आणि तिच्याजवळच पुढच्या कप्प्याची खोलीही असते. ही खोली २.८ ते ३ मिलिमीटरपेक्षा कमी भरली, तर डॉक्टर सहसा नाही म्हणतात. असा नकार आला तर नाराज होऊ नये. बार्सिलोनाच्या त्या रोग्यांना असं नाही म्हणणारं कुणी भेटलं नव्हतं.

बाराकेर घराण्यातच दुसरी वाटही फुटली. होआकिन यांचे भाऊ होसे बाराकेर यांनी १९४९ मध्ये पटलालाच आकार देऊन नंबर घालवण्याची कल्पना मांडली. मद्रास विद्यापीठात शिकलेले रंगस्वामी श्रीनिवासन यांनी १९८१ मध्ये आयबीएमच्या प्रयोगशाळेत सहकाऱ्यांसह दाखवलं की एक्सायमर लेझर आजूबाजूचं न भाजता ऊतीचा अगदी पातळ थर उडवतो. त्यातून आजचा लेझर आला. पण लेझर पटल खर्ची घालतो. सहा मिलिमीटरच्या वर्तुळात एक नंबर काढायला साधारण बारा मायक्रॉन जातात. दहा नंबराला एकशे वीस. पटल ५०० मायक्रॉनचं असेल आणि वरची झापड १२० ची कापली, तर खाली २६० उरतात. याहून पातळ झालेलं पटल पुढे डोळ्याच्या आतल्या दाबानं फुगण्याची भीती असते. म्हणून मोठा नंबर किंवा पातळ पटल असलेल्याला लेझर नाकारला जातो आणि गोष्ट पुन्हा भिंगाकडे वळते.

भिंगाला पेशींपासून दूर न्यायचं कसं, यावर दोन उत्तरं आली. हॉलंडचे यान वर्स्ट यांनी रंगीत पडद्यालाच चिमटा घेऊन धरणारं भिंग केलं. अमृतसरच्या डॉ. दलजीत सिंग यांनी या धर्तीची भिंगं भारतात मोतीबिंदूच्या रोग्यांना मोठ्या प्रमाणावर बसवली. दुसरं उत्तर मॉस्कोच्या स्व्यातोस्लाव फ्योदोरोव यांचं. १९८६ मध्ये त्यांनी सिलिकोनचं भिंग रंगीत पडद्याच्या मागे, स्वतःच्या भिंगाच्या पुढे ठेवलं. पटलाच्या पेशी वाचल्या, पण आता नवं भिंग जुन्याला घासू लागलं. डोळ्यातलं भिंग भोवतीच्या द्रवावर जगतं. तो द्रव अडला की भिंग पांढरं पडतं, म्हणजे तरुण वयात मोतीबिंदू होतो.

आयसीएलचं सारं कौशल्य या दोन संकटांच्या मधून वाट काढण्यात आहे. अमेरिकेतल्या स्टार सर्जिकल कंपनीचं हे भिंग १९९३ पासून माणसांच्या डोळ्यांत बसू लागलं आणि २००५ मध्ये अमेरिकेच्या औषध प्रशासनानं त्याला मान्यता दिली. ते मऊ आहे. विड्यासारखं गुंडाळून तीनेक मिलिमीटरच्या छेदातून आत सोडतात. आत ते हळूहळू उलगडतं आणि मग सर्जन त्याचे चारही कोपरे एकेक करून रंगीत पडद्याच्या मागे सारतात. भिंग मध्ये किंचित कमान करून बसतं. त्याच्या आणि स्वतःच्या भिंगाच्या मधल्या फटीला डॉक्टर व्हॉल्ट म्हणतात. साधारण पाव ते पाऊण मिलिमीटर फट चांगली. ती कमी पडली तर मोतीबिंदूची भीती, फार वाढली तर रंगीत पडदा पुढे ढकलला जाऊन डोळ्याचा दाब वाढण्याची भीती. भिंग कमी-जास्त मापांत मिळतं आणि ते आधी डोळा मोजून निवडावं लागतं. माप चुकलं की फट चुकते.

सुरुवातीला द्रव वाहता राहावा म्हणून रंगीत पडद्याला लेझरनं वेगळी छिद्रं पाडावी लागत. जपानच्या कितासातो विद्यापीठातले किमिया शिमिझु यांनी भिंगाच्या मध्यभागीच ०.३६ मिलिमीटरचं छिद्र ठेवायची कल्पना काढली. अशी भिंगं युरोपात २०११ पासून आणि अमेरिकेत २०२२ पासून मान्य झाली. छिद्रामुळे वेगळ्या लेझरची गरज बहुधा संपली आणि मोतीबिंदूचं प्रमाणही घटलं. त्या छिद्राच्या कडेमुळे काहींना रात्री दिव्याभोवती वलयं दिसतात. बहुतेकांना त्यांची सवय होते.

एक गोष्ट आधी सांगितली गेली पाहिजे. या भिंगाचा पदार्थ, कोलॅमर, बनवताना डुकरापासून मिळवलेल्या कोलॅजेनचा अगदी सूक्ष्म अंश वापरतात. ज्यांच्या धर्माला किंवा आहाराच्या व्रताला हे चालत नाही, त्यांना शस्त्रक्रियेनंतर हे कळणं योग्य नव्हे. वडोदऱ्याची केअर ग्रुप आणि अहमदाबादची बायोटेक या कंपन्या अॅक्रिलिकची अशीच भिंगं बनवतात. म्हणजे पर्याय आहे.

आता निर्णयाकडे येऊ. नागपूरजवळच्या खेड्यांत तिशीपुढच्या ४,७११ लोकांची पाहणी झाली होती. उणे सहाच्या पुढचा नंबर शंभरात एकालाही नव्हता. म्हणजे असा चष्मा लावणारा माणूस गावात विरळाच असतो. विदर्भाच्या उन्हाळ्यात घामानं चष्मा नाकावरून घसरतो, धुळीत कॉन्टॅक्ट लेन्स डोळ्याला खुपते, पानमळ्यात किंवा दुचाकीवर चष्मा पडला तर रस्ताच हरवतो. असा माणूस भिंगाचा विचार करतो, त्यामागे निव्वळ हौस असते असं नाही. विम्याच्या प्रमाणित नियमांत साडेसातपेक्षा कमी नंबराच्या शस्त्रक्रिया वगळलेल्या आहेत. साडेसातच्या पुढे नंबर असेल तर आपली पॉलिसी वाचून बघावी. पोलिस किंवा सैन्य भरतीसाठी करायचं असेल, तर त्या भरतीचे डोळ्यांविषयीचे नियम आधी वाचावे.

माझं मत स्पष्ट आहे. नंबर किमान वर्षभर स्थिर असेल, वय एकवीस ओलांडलेलं असेल, पुढचा कप्पा पुरेसा खोल असेल, पेशी भरपूर असतील आणि पडदा कडेपर्यंत तपासून झाला असेल, तर हे भिंग मोठ्या नंबराच्या तरुण माणसासाठी चांगला मार्ग आहे. लेझरनं गेलेलं पटल परत येत नाही. हे भिंग मात्र उद्या काही बिघडलं तर काढता किंवा बदलता येतं. ते काढायलाही पुन्हा डोळा उघडावा लागतो हे खरं, पण सत्तर वर्षांच्या चुकांनी या वंशाला हा गुण दिला आहे आणि मी त्याला सर्वांत मोठं मानतो. यातला एकही आकडा कमी भरला तर चष्माच बरा, आणि ज्याला चष्म्याचा जाच होत नाही त्यानंही तो ठेवण्यात काही कमीपणा नाही.

भिंग बसवल्यावरही तीन गोष्टी तशाच राहतात. चाळिशीत वाचायचा चष्मा लागेलच. फट आणि पेशी पुढेही मोजत राहाव्या लागतील, म्हणून दरवर्षी नागपूरची एक फेरी धरूनच चाला. आणि डोळ्याची लांबी भिंगानं कमी होत नाही. पडदा तितकाच ताणलेला राहतो. अचानक ठिणग्या चमकल्या, काळे ठिपके वाढले किंवा नजरेसमोर पडदा ओढल्यासारखं झालं, तर चष्मा सुटलेला असो वा नसो, त्याच दिवशी डॉक्टर गाठायचा. ज्या दवाखान्यात ही तीन वाक्यं शस्त्रक्रियेआधी, पैसे भरण्याआधी, तुमच्याशी कुणी बसून बोलेल, तिथेच डोळा सोपवावा.