‘एक’ म्हणजे नेमके किती व्होल्ट? ७४०० मालिकेच्या डेटाशीटचा इतिहास

१/
संगणक शून्य आणि एक या दोनच अंकांवर चालतो, असे सर्रास सांगितले जाते. पण तारेतून अंक वाहत नाहीत. तारेवर असतो तो केवळ विद्युतदाब. मग किती व्होल्टला ‘एक’ मानायचे आणि किती व्होल्टला ‘शून्य’? हा धागा त्या सीमारेषेचा इतिहास सांगतो.

२/
१९६१ मध्ये टीआरडब्ल्यू या अमेरिकी कंपनीतील जेम्स बुई यांनी ट्रान्झिस्टर-ट्रान्झिस्टर लॉजिक, म्हणजेच ‘टीटीएल’, ही रचना शोधली. १९६४ मध्ये टेक्सास इन्स्ट्रुमेंट्सने लष्करी वापरासाठी ५४०० मालिका आणली. १९६६ मध्ये प्लास्टिकच्या आवरणातील स्वस्त ७४०० मालिका आली आणि तिने बाजार काबीज केला.

३/
लवकरच नॅशनल सेमिकंडक्टर, फेअरचाइल्ड, मोटोरोला अशा प्रतिस्पर्धी कंपन्याही त्याच क्रमांकांच्या चिप बनवू लागल्या. एकाच यंत्रात दोन कारखान्यांच्या चिप शेजारी बसणार असतील, तर त्यांचे जुळायला हवे. ते जुळवणारा करारनामा म्हणजे डेटाशीट.

४/
करारातील कलमे मोजकीच. आउटपुट ‘एक’ असेल, तर दाब २.४ व्होल्टच्या खाली जाणार नाही. ‘शून्य’ असेल, तर ०.४ व्होल्टच्या वर जाणार नाही. दुसऱ्या बाजूने इनपुटचे वचन असे: २.० व्होल्ट वा अधिक मिळाले तर ते ‘एक’ मानेन, ०.८ वा कमी मिळाले तर ‘शून्य’.

५/
देणारा २.४ देतो, घेणारा २.० वर समाधानी असतो. देणारा ०.४ वर थांबतो, घेणारा ०.८ पर्यंत सहन करतो. दोन्हीकडे उरलेले हे ०.४ व्होल्ट म्हणजे ‘नॉइज मार्जिन’. तारेवर उपटणारा विद्युत गोंगाट गिळून टाकण्यासाठी मुद्दाम राखलेली ही मोकळी जागा.

६/
खरी मेख डेटाशीटच्या तीन रकान्यांत आहे: किमान, सामान्य, कमाल. ‘एक’च्या आउटपुटसाठी सामान्य रकान्यात ३.४ व्होल्ट छापलेले असते. पाच व्होल्टच्या पुरवठ्यातून वरच्या बाजूचा ट्रान्झिस्टर आणि डायोड प्रत्येकी सुमारे ०.७ व्होल्ट खातात, म्हणून हा आकडा साडेतीनच्या आसपास येतो. पण तो निव्वळ अनुभव आहे, हमी नव्हे. ‘एक’साठी किमान रकाना वाचायचा, ‘शून्य’साठी कमाल.

७/
हमीलाही अटी असतात. २.४ व्होल्टची हमी पुरवठा ४.७५ व्होल्टपर्यंत उतरला तरी टिकते. मात्र आउटपुटमधून ४०० मायक्रोअँपिअरहून अधिक प्रवाह ओढायचा नाही. ०.४ व्होल्टची हमी १६ मिलिअँपिअरपर्यंत. प्रवाहापुढचे उणे चिन्ह दिशा सांगते: प्रवाह चिपमधून बाहेर पडतो आहे.

८/
आता गणित पाहा. एक इनपुट ‘एक’ असताना जास्तीत जास्त ४० मायक्रोअँपिअर घेते आणि ‘शून्य’ असताना १.६ मिलिअँपिअर परत सोडते. ४०० भागिले ४०, दहा. १६ भागिले १.६, पुन्हा दहा. म्हणून एक आउटपुट दहा इनपुटांना पोसू शकते. त्याहून अधिक जोडल्यास करार संपला.

९/
१९८० च्या दशकाच्या आरंभी ७४एचसी ही सीमॉस मालिका आली. तिचे क्रमांक जुनेच होते, पण पाच व्होल्टवर तिच्या इनपुटला ‘एक’साठी ३.५ व्होल्ट हवे होते. टीटीएलची हमी मात्र २.४ चीच. ‘सामान्य’ ३.४ वर विसंबून दोन्ही जोडणाऱ्याचे यंत्र टेबलावर चालत असे आणि चिप बदलली किंवा तापमान पालटले की दगा देई. यावर उपाय दोन: पाच व्होल्टकडे ओढणारा रोधक, किंवा टीटीएलच्या सीमा मानणारी ७४एचसीटी मालिका.

१०/
एचसीच्या पानावरही एकाच आउटपुटचे दोन आकडे भेटतात. पुरवठा ४.५ व्होल्ट असताना २० मायक्रोअँपिअरला किमान ४.४ व्होल्ट, आणि ४ मिलिअँपिअरला किमान ३.८४. दोन्ही खरे आहेत. पहिला सीमॉस इनपुटला जोडताना वाचायचा, दुसरा जड भार चालवताना.

११/
कालांतराने पाच व्होल्टची जागा ३.३ व्होल्टने घेतली. तरीही त्या पुरवठ्यासाठी ठरलेल्या ‘एलव्हीटीटीएल’ मानकात २.४, ०.४, २.० आणि ०.८ हे चारही आकडे कायम राहिले. चिपच्या पोटातील रचना पार बदलली, पण १९६० च्या दशकातला करार आजही पाळला जातो.