खासगी पार्किंग आकारणीविरुद्धचे स्वतंत्र अपील (इंग्लंड व वेल्स)

खासगी जमिनीवर गाडी उभी करण्याच्या अटी मोडल्याचा ठपका ठेवून पार्किंग कंपनी जी रक्कम मागते, तिच्याविरुद्ध कंपनीबाहेरच्या निवाडा यंत्रणेकडे दाद मागण्याची इंग्लंड व वेल्समधील पद्धत. तेथे सुपरमार्केट, रुग्णालये, दुकानांची संकुले आणि निवासी इमारती यांच्या आवारातील वाहनतळ बहुधा खासगी कंपन्या चालवतात. डीव्हीएलए या वाहन नोंदणीच्या सरकारी खात्याकडे या कंपन्या वर्षाला एक कोटीहून अधिक वेळा गाडीधारकाचे नाव-पत्ता मागतात आणि प्रत्येक नोंदीमागे अडीच पौंड मोजतात. मागितलेली रक्कम बहुधा ६० ते १०० पौंडांच्या घरात असते. पुष्कळ लोक घाबरून ती भरून मोकळे होतात. जे अपील जिंकतात ते आपली अडचण सांगून क्वचितच जिंकतात. कंपनीने कायद्याने घालून दिलेली एखादी पायरी चुकवली आहे, हे दाखवून जिंकतात.

स्वरूप : नगरपालिकेने रस्त्यावरील किंवा आपल्या वाहनतळावरील गाडीला दिलेली नोटीस हा कायद्याखालचा दंड असतो आणि त्यावरचे अपील लंडन ट्रायब्युनल्स किंवा ट्रॅफिक पेनल्टी ट्रायब्युनल या वैधानिक न्यायाधिकरणांकडे जाते. खासगी कंपनीची नोटीस मात्र करारभंगाची मागणी असते. दोन्ही नोटिसांवर पीसीएन हीच अक्षरे असतात, रंगरूपही सारखेच ठेवलेले असते, त्यामुळे खासगी मागणीलाही सरकारी दंडाचा धाक येतो. कागद हाती पडल्यावर तो नेमका कोणी पाठवला आहे, हे आधी पाहावे.

करार होतो तो फलकामुळे. आवारातील फलक हा कंपनीचा प्रस्ताव. चालकाने फलक पाहून गाडी तेथेच ठेवली की त्याने तो स्वीकारला, असे कायदा मानतो. म्हणून फलक दिसण्याजोगा होता का, हा प्रश्न जवळपास प्रत्येक अपिलात येतो. ‘थॉर्न्टन विरुद्ध शू लेन पार्किंग’ (१९७१) या खटल्यात लॉर्ड डेनिंग यांनी अट जितकी जाचक तितकी ती ठळकपणे नजरेस आणून दिली पाहिजे, हे तत्त्व वाहनतळाच्या तिकिटावरच्या मजकुराला लावले. भारतातील कायद्याचे विद्यार्थीही छापील करारांच्या प्रकरणात हा खटला अभ्यासतात.

पूर्वपीठिका : २०१२ पर्यंत इंग्लंड-वेल्समधील खासगी जमिनीवर गाडीच्या चाकाला जॅमर लावून जागेवरच पैसे वसूल करण्याचा धंदा जोरात होता. ‘प्रोटेक्शन ऑफ फ्रीडम्स ॲक्ट २०१२’ या कायद्याने तो गुन्हा ठरवला. त्याच्या बदल्यात कंपन्यांना चौथ्या परिशिष्टाने एक हत्यार मिळाले : गाडी कोण चालवत होते हे कळले नाही, तरी ठरावीक अटी पाळल्यास नोंदणीकृत धारकाकडून रक्कम वसूल करता येते. या सवलतीसोबत स्वतंत्र अपिलाची सोय असावी, असे ठरले आणि १ ऑक्टोबर २०१२ रोजी परिशिष्टाबरोबरच ‘पार्किंग ऑन प्रायव्हेट लँड अपील्स’ म्हणजे पॉप्ला ही यंत्रणा सुरू झाली. ब्रिटिश पार्किंग असोसिएशन (बीपीए) या संघटनेच्या सदस्य कंपन्यांविरुद्धची अपिले ती ऐकते. प्रारंभी ती लंडन कौन्सिल्स चालवत असे. २०१५ मध्ये ती ओम्बुड्समन सर्व्हिसेसकडे गेली. इंटरनॅशनल पार्किंग कम्युनिटी (आयपीसी) या दुसऱ्या संघटनेच्या सदस्यांविरुद्धची अपिले इंडिपेंडंट अपील्स सर्व्हिस (आयएएस) पाहते. दोहोंपैकी एका संघटनेचे सदस्य असल्याशिवाय कंपनीला डीव्हीएलएकडून पत्ता मिळत नाही.

पहिली तीन वर्षे अपीलकर्त्यांच्या हातात एक हुकमी मुद्दा होता. करारभंगाची भरपाई प्रत्यक्ष नुकसानीच्या प्रामाणिक अंदाजाइतकीच असावी, या जुन्या तत्त्वावर बोट ठेवून ते विचारत, की फुकट वाहनतळावर कोणी अर्धा तास जास्त थांबले तर कंपनीचे असे काय नुकसान झाले? कंपन्यांना हिशेब देता येत नसे आणि पॉप्ला आकारणी रद्द करीत असे. ‘पार्किंगआय विरुद्ध बीव्हिस’ या खटल्याने हे दार बंद केले. चेम्सफर्ड येथील रिव्हरसाइड रिटेल पार्कमध्ये दोन तास विनामूल्य थांबण्याची मुभा होती. बॅरी बीव्हिस यांची गाडी ५६ मिनिटे जास्त थांबली आणि ८५ पौंडांची मागणी आली. ४ नोव्हेंबर २०१५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने ६ विरुद्ध १ मताने निकाल दिला : जागा मोकळी होत राहावी यात कंपनीचा रास्त हितसंबंध आहे आणि ही रक्कम त्या मानाने अवाजवी नाही. भिन्न मत लॉर्ड टूल्सन यांचे होते.

या निकालानंतर अपिलात काही अर्थ उरला नाही, असा समज पसरला. तो चुकीचा आहे. न्यायालयाने आकारणी ग्राह्य धरताना तेथील फलक मोठे, ठळक आणि सहज वाचता येण्याजोगे होते, यावर भर दिला होता. कंपन्या बीव्हिसचे नाव प्रत्येक उत्तरात घेतात. अपीलकर्त्याने तोच निकाल पुढे करून विचारावे, की तुमचा फलक चेम्सफर्डच्या फलकासारखा आहे का? खांबावर उंच लावलेला, रात्री दिवा नसलेला, आणि रकमेचा आकडा बारीक अक्षरांत दडवलेला फलक या कसोटीला टिकत नाही.

धारक आणि चालक : अपिलाचे सर्वांत मजबूत मुद्दे येथे सापडतात. करार चालकाशी झालेला असतो, पण कंपनीला माहीत असतो तो धारक. चालकाचे नाव खासगी कंपनीला सांगण्याचे कोणतेही कायदेशीर बंधन धारकावर नाही. पोलिसांनी विचारले तर ते सांगावे लागते. पार्किंग कंपनी म्हणजे पोलीस नव्हे. पॉप्लाचे पहिले प्रमुख निवाडा अधिकारी हेन्री मायकेल ग्रीनस्लेड यांनी २०१५ च्या वार्षिक अहवालात स्पष्ट केले, की धारक हाच चालक होता असे गृहीत धरण्याला कायद्यात आधार नाही. म्हणजे चौथ्या परिशिष्टाच्या अटी पाळल्या नसतील आणि चालकही अज्ञात असेल, तर धारकाकडून वसुली करता येत नाही.

सर्वांत जास्त मोडते ती मुदतीची अट. गाडीच्या काचेवर नोटीस लावलेली नसून केवळ कॅमेऱ्याने नंबरप्लेट टिपली असेल, तर धारकाला नोटीस चौदा दिवसांच्या आत पोचली पाहिजे. हे दिवस पार्किंगच्या दुसऱ्या दिवसापासून मोजतात, आणि टपालाने पाठवलेली नोटीस टाकल्यानंतरच्या दुसऱ्या कामकाजाच्या दिवशी पोचली असे मानतात. समजा, गाडी रविवारी १ तारखेला उभी होती. मुदत १५ तारखेला संपते. नोटिशीवर शुक्रवार १३ तारीख असेल, तर वरवर ती मुदतीतली वाटते. पण शनिवार-रविवार सोडले की सोमवार हा पहिला कामकाजाचा दिवस, मंगळवार १७ हा दुसरा. नोटीस दोन दिवस उशिरा पोचली आणि धारकाची जबाबदारी संपली. काचेवर आधी नोटीस लावलेली असेल तर हिशेब वेगळा : पहिले २८ दिवस सोडून त्यापुढच्या २८ दिवसांत धारकाला नोटीस मिळाली पाहिजे. मजकुराचीही बंधने आहेत. गाडी, जागा आणि पार्किंगचा कालावधी नमूद हवा; पैसे भरा किंवा चालकाचे नाव कळवा असे सुचवलेले हवे; २८ दिवसांनंतर धारक जबाबदार ठरेल असा इशारा हवा.

ज्या जागेला स्वतःचे वैधानिक नियम लागू आहेत, ती या परिशिष्टात मोडत नाही. उपविधी लागू असलेल्या विमानतळांचे रस्ते आणि रेल्वे स्थानकांचे वाहनतळ हे याचे ठळक उदाहरण. तेथे धारकावर जबाबदारी टाकताच येत नाही.

भाड्याच्या गाडीचे प्रकरण भारतातून गेलेल्या पर्यटकांना आणि विद्यार्थ्यांना विशेष लागू पडते. भाडेकराराची व जबाबदारी पत्राची प्रत देऊन गाडी देणारी कंपनी आपली जबाबदारी भाडेकरूवर ढकलू शकते. मग पार्किंग कंपनीने भाडेकरूला नोटीस पाठवताना त्या प्रती सोबत जोडल्या पाहिजेत. त्या अनेकदा जोडलेल्या नसतात. ही एक उणीवही अपील जिंकण्यास पुरते. मात्र भाडेकरूने आधीच्या पत्रव्यवहारात ‘मी गाडी लावली’ असे लिहून ठेवलेले नसावे. हे वाक्य भल्या माणसाच्या हातून सहज लिहून जाते आणि तेच कंपनीचा सर्वांत मोठा पुरावा ठरते. त्याऐवजी ‘चालकाने गाडी लावली’ असे लिहावे. यात खोटे काही नाही.

इतर मुद्दे : कॅमेरा गाडी आत आल्याची आणि बाहेर गेल्याची वेळ टिपतो, उभी राहिल्याची नाही. जागा शोधण्यात, फलक वाचण्यात, फाटकावरच्या रांगेत गेलेला वेळही त्यात येतो. म्हणून दोन्ही संघटनांच्या संहितेत निर्णय घेण्यासाठी किमान पाच मिनिटे आणि मुदत संपल्यावर निघण्यासाठी दहा मिनिटांची सवलत सांगितली आहे. गाडी एकाच दिवशी दोनदा आली, तर कॅमेऱ्याच्या नोंदींत मधली जा-ये कधीकधी हरवते आणि दोन छोट्या थांब्यांचा एक लांब थांबा दिसतो. दुसऱ्या ठिकाणची पावती किंवा फोनवरील प्रवासाची नोंद येथे उपयोगी पडते. यंत्रावर गाडीचा नंबर टाकताना शून्याऐवजी ‘ओ’ पडला, असल्या किरकोळ चुकीबद्दल आकारणी रद्द करणे संहितेनुसार कंपनीवर बंधनकारक आहे. शिवाय कंपनी बहुधा जमिनीची मालक नसते, त्यामुळे मालकाने दिलेला लेखी अधिकार ती दाखवू शकते का, हे प्रत्येक अपिलात विचारावे. ‘ग्राहक हक्क कायदा २०१५’ सांगतो, की संदिग्ध अटीचा ग्राहकाला अनुकूल अर्थ लावावा.

आजारपण, बंद पडलेली गाडी, रुग्णालयात लांबलेली तपासणी ही कारणे कितीही खरी असली तरी पॉप्ला त्यांवर आकारणी रद्द करीत नाही. हा या व्यवस्थेतील सर्वांत निष्ठुर भाग आहे. अशी कारणे असतील तर दुकानाच्या किंवा रुग्णालयाच्या व्यवस्थापकाकडे तक्रार करावी. जागेचा धनी तोच असतो आणि त्याने सांगितले तर कंपनी नोटीस मागे घेते. पुष्कळदा हाच सर्वांत जवळचा रस्ता ठरतो.

कार्यपद्धती : पहिली तक्रार कंपनीकडेच करावी लागते, सहसा २८ दिवसांत. ती फेटाळताना बीपीएच्या सदस्य कंपनीला पॉप्लाचा दहा अंकी क्रमांक द्यावा लागतो आणि तो वापरून २८ दिवसांत अपील दाखल करता येते. अपीलकर्त्याला शुल्क नाही. प्रत्येक प्रकरणाचा खर्च कंपनी सोसते. त्यामुळे सविस्तर, मुद्देसूद अपील आले की काही कंपन्या लढण्याऐवजी माघार घेतात. कंपनीने छायाचित्रे, फलकांचा नकाशा आणि करार सादर केल्यावर त्यांवर लिहिण्यासाठी सात दिवस मिळतात. हे सात दिवस अनेक जण वाया घालवतात. आकारणी योग्य होती हे सिद्ध करण्याची जबाबदारी कंपनीची असते, म्हणून तिने कशाचे उत्तर दिले नाही, कोणते छायाचित्र जुने आहे, करारातील कोणते भाग काळे केले आहेत, हे याच वेळी नेमके दाखवावे. निर्णय कंपनीवर बंधनकारक असतो, अपीलकर्त्यावर नाही. हरल्यास लवकर भरण्याची सवलत जाते, एवढाच तोटा.

आयएएसबद्दल मात्र सावध राहावे. ती यंत्रणा संघटनेच्याच व्यवस्थेखाली चालते आणि निवाडा देणाऱ्याचे नाव जाहीर होत नाही. पॉप्लाचा पैसाही शेवटी पार्किंग उद्योगातूनच येतो, पण तिचे निर्णय सविस्तर कारणांसह असतात आणि नेमक्या मुद्द्यांवर लिहिलेले अपील तेथे वाचले जाते. सर ग्रेग नाइट यांच्या खासगी विधेयकातून ‘पार्किंग (कोड ऑफ प्रॅक्टिस) ॲक्ट २०१९’ झाला, तो सरकारी संहिता यावी म्हणून. ती फेब्रुवारी २०२२ मध्ये प्रसिद्ध झाली आणि उद्योगाने न्यायालयात आव्हान दिल्यावर त्याच वर्षी जूनमध्ये मागे घेतली गेली. त्या पोकळीत दोन्ही संघटनांनी आपली संयुक्त संहिता ऑक्टोबर २०२४ पासून लागू केली. ज्यांच्यावर नियम लावायचे त्यांनीच ते लिहावेत, ही स्थिती समाधानकारक म्हणता येणार नाही.

अपिलानंतर : अपील फेटाळले तरी पैसे भरलेच पाहिजेत असे नाही, कंपनीला काउंटी कोर्टात छोट्या रकमेचा दावा लावावा लागतो आणि त्यासाठी सहा वर्षांची मुदत असते. वसुली एजन्सीची पत्रे म्हणजे न्यायालयाचा आदेश नव्हे. कोर्टाकडून आलेला दावा मात्र कधीही बाजूला टाकू नये. उत्तर न दिल्यास एकतर्फी हुकूमनामा होतो आणि तो महिन्याच्या आत न फेडल्यास पत-नोंदीत सहा वर्षे राहतो. घर बदलणारे आणि भारतात परतणारे लोक येथेच अडकतात, कारण सगळे कागद जुन्या पत्त्यावर जात राहतात. गाडी विकली किंवा पत्ता बदलला, की डीव्हीएलएला त्याच आठवड्यात कळवा, आणि त्या गाडीच्या जुन्या नोटिसा कोणा कंपनीकडे शिल्लक असतील तर तिलाही नवा पत्ता लेखी द्या.