रात्रीची राखण

रानडुक्कर शेतात शिरले म्हणजे आपण त्यास उपरा म्हणतो. वस्तुतः ते या भूमीचेच जनावर आहे. काशिमिऱ्यापलीकडे संजय गांधी राष्ट्रीय उद्यानाचे जे रान दिसते, त्यातही त्याची वस्ती आहे. मिरा-भाईंदरच्या भातखाचरांवर इमारती उठल्या, तसा माळ्यावर जागून पीक राखण्याचा जाच आपण विसरलो. शेतकऱ्यास तो विसरता आलेला नाही.

१८७८ च्या हत्यार कायद्याने परवान्यावाचून बंदूक बाळगणे गुन्हा ठरले. पुढे १८८३ मध्ये जोतीराव फुल्यांनी ‘शेतकऱ्याचा असूड’ लिहिला. त्यातील त्यांचे म्हणणे रोखठोक आहे: शेतकऱ्याच्या हाती बंदूक देण्याचा सरकारला धीर होत नसेल, तर राखण पोलिसांनी करावी, आणि तरीही रानडुकरांनी पीक खाल्ले, तर ती तूट वरिष्ठ अंमलदारांच्या पगारातून किंवा खजिन्यातून भरून द्यावी.

१९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने रानडुकरास अभय मिळाले. आज सरकार पिकाची भरपाई देते, अटींवर शिकारीची परवानगीही देते. म्हणजे जोतीरावांची मागणी निम्मीशिम्मी तरी मान्य झाली. परंतु डुक्कर येते रात्री आणि पंचनामा होतो दिवसा. मोडलेल्या झोपेचा रकाना त्यात नसतो. जोतीरावांनी ती झोपही हिशेबात धरली होती. रान राखले जावे, ही आपणा शहरवासीयांचीही इच्छा आहे. मग त्यापायी होणारे जागरण एकट्या शेतकऱ्याच्याच वाट्याला का यावे?