जामखेडचा मुक्काम

आमचं जामखेड दोन गोष्टींनी ओळखलं जातं: दुष्काळ आणि आरोळे डॉक्टर. डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळे १९७० साली इथं आले. दवाखाना चालला, पण खेड्यात मुक्कामाला नर्स तयार होईनात. मग या कामासाठी गावातल्याच बाया निवडल्या. बहुतेक निरक्षर, कित्येक दलित वस्तीतल्या, काही नवऱ्यानं टाकलेल्या.

त्या जामखेडला येऊन शिकायच्या, रात्री तिथंच राहायच्या. औषधांपेक्षा मला हा मुक्कामच मोठा वाटतो. गावात जिचा विटाळ मानायचा, तिच्याच शेजारी पंगतीला बसायचं, अंथरूणही तिच्या बाजूला. पहिला घास काहींना जड गेला असणारच! पण तिथंच सासरचा जाच, मारहाण, मेलेली लेकरं, सगळं बोललं जाई. शिकवणीही साधी: पोराला जुलाब लागले तर लिटरभर स्वच्छ पाणी, सहा चमचे साखर, अर्धा चमचा मीठ. नाळ कापायचं पातं उकळून घ्यायचं. कातडीवरचा बधिर चट्टा दिसला की कुष्ठरोगाची शंका घ्यायची.

विटाळ मोडायचा म्हणून हापसे बसवतानाही जागा दलित वस्तीत निवडली गेली. बाकीच्या गावाला घागरी घेऊन तिकडंच जावं लागलं.

१९७९ मध्ये आरोळे दांपत्याला मॅगसेसे पुरस्कार मिळाला. पुढं देशोदेशीचे डॉक्टर जामखेडला शिकायला येऊ लागले, आणि त्यांना शिकवायला उभ्या राहिल्या त्या याच बाया.