मुंबईची ऊर्जेची गरज आणि सह्याद्रीतील जलविद्युत प्रकल्प : एक ऐतिहासिक दृष्टिक्षेप

प्रस्तावना

मर्यादित इंधनसाठ्यांतून समाजाची वाढती ऊर्जेची गरज कशी भागवावी, हा प्रश्न आज प्रामुख्याने विज्ञान व तंत्रज्ञानाच्या अंगाने चर्चिला जातो. परंतु या प्रश्नाला इतिहासही आहे. महाराष्ट्रापुरता विचार केला तर मुंबई शहराला हा प्रश्न शंभर वर्षांपूर्वीच पडला होता व त्याचे उत्तर सह्याद्रीच्या माथ्यावर शोधले गेले. या उत्तराची किंमत कोणी मोजली, याचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे.

कोळशावर अवलंबून असलेले शहर

कावसजी नानाभाई दावर यांनी १८५४ मध्ये स्थापन केलेल्या कापड गिरणीने मुंबईच्या औद्योगिक युगास प्रारंभ झाला. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस मुंबई हे देशातील गिरणी उद्योगाचे प्रमुख केंद्र बनले होते. या शहराजवळ बंदर होते, कापूस पिकवणारा प्रदेश होता, भांडवल होते व मजूरही होते. नव्हता तो फक्त कोळसा. राणीगंज व झरिया येथील खाणी दीड हजार किलोमीटरहून अधिक अंतरावर होत्या. त्यामुळे गिरण्यांच्या बाष्पयंत्रांसाठी कोळसा बंगालमधून, इंग्लंडमधून व पुढे दक्षिण आफ्रिकेतूनही आणावा लागे. पहिल्या महायुद्धात जहाजे लष्करी कामाकडे वळवली गेली, तेव्हा या परावलंबनाची झळ अधिकच तीव्र झाली. इंधनाची मर्यादा ही केवळ खाणीतील साठ्याची मर्यादा नसते. वाहतूक, युद्ध व किंमत यांमुळेही ती निर्माण होते, हे मुंबईच्या उदाहरणावरून स्पष्ट होते.

‘पांढरा कोळसा’

या अडचणीवर जमशेटजी टाटा यांनी जलविद्युतेचा उपाय विचारात घेतला होता. त्यांच्या निधनानंतर (१९०४) त्यांच्या पुत्रांनी ही योजना पुढे नेली. १९१० मध्ये टाटा हायड्रो-इलेक्ट्रिक पॉवर सप्लाय कंपनीची स्थापना झाली. लोणावळा, वळवण व शिरवटा येथे धरणे बांधून पावसाळ्याच्या चार महिन्यांत कोसळणारे पाणी साठवायचे, नलिकांद्वारे ते पाचशे मीटरहून अधिक खाली खोपोलीला सोडायचे आणि त्यातून निर्माण झालेली वीज मुंबईला न्यायची, अशी ही योजना होती. फेब्रुवारी १९१५ मध्ये खोपोली केंद्राचे उद्घाटन झाले. आंध्रा नदीवरील प्रकल्पातून भिवपुरी केंद्र १९२२ मध्ये, तर निळा-मुळा संगमावरील मुळशी धरणातून भिरा केंद्र १९२७ मध्ये कार्यान्वित झाले. गिरण्यांमध्ये बाष्पयंत्रांची जागा विजेवर चालणाऱ्या मोटारी घेऊ लागल्या. ३ फेब्रुवारी १९२५ रोजी मुंबई-कुर्ला मार्गावर देशातील पहिली विजेची रेल्वे धावली.

तांत्रिकदृष्ट्या हे यश निःसंशय मोठे होते. दरवर्षी पावसाने पुन्हा भरून येणारे हे इंधन होते. तथापि त्याचा साठा करण्यासाठी जमीन लागत होती आणि ती जमीन ओसाड नव्हती.

मुळशीचा सत्याग्रह

मुळशी खोऱ्यातील सुमारे पन्नास गावे व भाताची सुपीक खाचरे पाण्याखाली जाणार होती. १८९४ च्या भूसंपादन कायद्याचा आधार घेऊन शासनाने एका खाजगी कंपनीसाठी ‘सार्वजनिक हित’ या नावाने जमिनी ताब्यात घेतल्या. कोळशाची बचत व मुंबईच्या उद्योगांची वाढ हे या हिताचे मुख्य समर्थन होते. १६ एप्रिल १९२१ रोजी रामनवमीच्या दिवशी मावळ्यांनी ‘जान किंवा जमीन’ या निर्धाराने सत्याग्रह सुरू केला. विनायकराव भुस्कुटे व पांडुरंग महादेव बापट यांनी त्याचे नेतृत्व केले. बापटांना ‘सेनापती’ ही उपाधी याच लढ्याने मिळवून दिली. १९२४ पर्यंत हा लढा ओसरला व धरण पूर्ण झाले.

या लढ्याच्या अपयशामागील एक कारण विशेष लक्षणीय आहे. अनेक जमिनींची मालकी पुण्यातील सावकारांकडे होती. त्यांच्या दृष्टीने जमीन ही गुंतवणूक होती व रोख मोबदला त्यांना पुरेसा वाटला. ती कसणाऱ्या कुळाचे मात्र उपजीविकेचे साधनच नष्ट होत होते, परंतु कायद्याच्या नोंदीत त्याला फारसे स्थान नव्हते. म्हणजेच ऊर्जेच्या हिशेबात कोळशाची बचत मोजली गेली, जमिनीची किंमतही मोजली गेली; कसणाऱ्याचे श्रम व त्याचे गाव यांची मोजदाद झाली नाही.

मागणीची वाढ व पुढील वाटचाल

ही वीजही मुंबईला फार काळ पुरली नाही. १९५६ मध्ये तुर्भे येथे औष्णिक केंद्र उभे राहिले, १९६० च्या दशकात कोयना प्रकल्प कार्यान्वित झाला व १९६९ मध्ये तारापूर अणुकेंद्राची वीज मिळू लागली. प्रत्येक नव्या स्रोताने जुनी गरज भागवली आणि त्याचबरोबर नवे उद्योग व नवी वस्ती यांच्या रूपाने नवी मागणीही निर्माण केली. कोयनेच्या बाबतीत मालकी शासनाची होती, तरीही विस्थापितांच्या पुनर्वसनाचा प्रश्न अनेक दशके रेंगाळला. यावरून दोष केवळ खाजगी भांडवलाचा नसून हिशेबाच्या पद्धतीचा होता, असे म्हणता येते. शिवाय कृष्णा खोऱ्याचे पाणी पश्चिमेकडे वळवल्याने वीज की सिंचन, हा वादही कायम राहिला.

समारोप

१८९४ च्या कायद्याची जागा घेणाऱ्या २०१३ च्या भूसंपादन कायद्याने कुळे व जमिनीवर उपजीविका करणारे भूमिहीन यांनाही बाधित कुटुंबांत गणले. मुळशीच्या कुळाला जे मिळाले नाही, ते कायद्याच्या भाषेत येण्यास नव्वदहून अधिक वर्षे लागली. २०२३ मध्ये शिरवटा व भिवपुरी येथे एकूण २८०० मेगावॅट क्षमतेच्या उदंचन जलविद्युत प्रकल्पांसाठी राज्य शासन व टाटा पॉवर यांच्यात सामंजस्य करार झाला. सौर व पवन ऊर्जा साठवण्यासाठी अशा प्रकल्पांची आवश्यकता आहे, हे मान्य करावे लागेल. परंतु एका साधनाची टंचाई दूर करताना तिचा भार दुसऱ्या मर्यादित साधनावर, म्हणजे जमीन व पाणी यांवर, आणि अंतिमतः तेथील माणसांवर पडतो, हा सह्याद्रीचा अनुभव आहे. म्हणून ऊर्जानियोजनात किती मेगावॅट निर्माण होणार या प्रश्नाबरोबरच ती कोणाच्या वाट्याची साधने वापरून निर्माण होणार, हा प्रश्नही प्रारंभीच विचारला गेला पाहिजे. इतिहासाच्या अभ्यासकांनी हा दुसरा रकाना भरण्याचे काम हाती घेणे अगत्याचे आहे.