नाझ्का: वरून बघायचं की खालून?

पुढच्या वर्षी पेरूला जायचा बेत चाललाय. सवयीप्रमाणे एक्सेल शीट तयार झाली आहे आणि तिच्यातल्या एकाच ओळीवर गाडी अडली आहे. मुंबईहून लिमाला थेट विमान नाही, मध्ये एक-दोनदा बदलावं लागतं. लिमाहून दक्षिणेला साडेचारशे किलोमीटर बस, सहा-सात तास. इथपर्यंत ठीक. त्यापुढे नाझ्का गावच्या छोट्या विमानतळावरून इवलंसं सेस्ना विमान, अर्ध्या तासाची चक्कर. चढण्याआधी प्रवाशांचं वजन करतात आणि त्या हिशोबानं बसवतात. मग वैमानिक प्रत्येक चित्रावर विमान एकदा डावीकडे, एकदा उजवीकडे कलतं करतो. दोन्ही खिडक्यांना समान न्याय. पोटाला मात्र नाही.

ओळ अडली ती पोटामुळे नव्हे. या चकरांमध्ये फेब्रुवारी २०१० मध्ये सात माणसं गेली, ऑक्टोबर २०१० मध्ये सहा, आणि फेब्रुवारी २०२२ मध्ये पुन्हा सात. आईच्या कानावर हे गेलं (बहिणीची कृपा) आणि तिनं अगदी सरळ विचारलं, "ज्यांनी ती चित्रं काढली, त्यांच्याकडे विमान होतं का? मग तुला कशाला पाहिजे?"

प्रश्न वाटतो त्यापेक्षा बराच खोल आहे. दोन-तीन वीकेंड त्यातच गेले.

आधी थोडक्यात प्रकरण. नाझ्का आणि पाल्पा या गावांच्या मधे एक कोरडंठाक पठार आहे. वर्षाकाठी जेमतेम काही मिलिमीटर पाऊस. जमिनीवर गडद तांबूस-काळपट दगडगोटे पसरलेत, लोहाच्या ऑक्साइडमुळे त्यांना तो रंग आला. वरचे गोटे उचलून कडेला रचले की खालची फिकट पिवळसर माती उघडी पडते. झाली रेष. खोली दहा-पंधरा सेंटिमीटर, बस! साधारण इसवी सनापूर्वी ५०० ते इसवी सन ५०० या हजार वर्षांत तिथल्या लोकांनी अशा मैलोन्‌मैल सरळ रेषा, मोठमोठे चौकोन आणि प्राणी काढले. गुंजनपक्षी सुमारे नव्वद मीटर, कोळी पन्नासच्या आत, शेपटीचं वेटोळं केलेलं माकड, त्याच्या हातांना मिळून बोटं नऊ. पाऊस नाही, त्यामुळे पुसलं काहीच नाही. युनेस्कोनं १९९४ मध्ये जागतिक वारसा म्हणून नोंद केली.

आता गंमत बघा. "या रेषांचा शोध विमानातून लागला" असं सगळीकडे लिहिलेलं असतं. पण त्यांचा अभ्यास पहिल्यांदा केला तो तोरिबियो मेहिया शेस्पे या पेरूच्याच पुरातत्त्वज्ञानं, १९२७ मध्ये, पायी हिंडून. त्याचं म्हणणं होतं की हे विधींसाठी चालायचे रस्ते आहेत. कुस्कोहून निघणाऱ्या इंकांच्या पवित्र रेषांशी त्यानं त्यांचं नातं जोडलं. १९३९ मध्ये लिमाच्या परिषदेत त्यानं हे मांडलं. फारसं कुणी मनावर घेतलं नाही.

मग आला पॉल कोसोक, अमेरिकन इतिहासकार. आला होता प्राचीन कालव्यांचा अभ्यास करायला. जून १९४१ मध्ये, तिकडच्या हिवाळ्यातल्या सर्वांत लहान दिवशी, एका रेषेच्या बरोबर टोकाला सूर्य मावळताना त्यानं पाहिला आणि हे जगातलं सर्वांत मोठं खगोलशास्त्राचं पुस्तक आहे, असं जाहीर केलं. त्याची मदतनीस मारिया राइश. ड्रेस्डेनमध्ये जन्मलेली, गणित शिकलेली, १९३२ मध्ये मुलांची शिक्षिका म्हणून पेरूत आलेली. तिनं उरलेलं आयुष्य याच वाळवंटात घालवलं. खराटा घेऊन रेषा झाडल्या, फूटपट्ट्या लावून मोजल्या, राखणदारी केली. १९९८ मध्ये ती गेली. नाझ्काच्या विमानतळाला आज तिचंच नाव आहे.

तिच्याबद्दल मला प्रचंड आदर आहे. पण तिचं पंचांग काही जमलं नाही. १९६८ मध्ये जेराल्ड हॉकिन्स या खगोलशास्त्रज्ञानं रेषांच्या दिशा कॉम्प्युटरला घातल्या. सूर्य-चंद्र-ताऱ्यांशी जुळणाऱ्या रेषा निघाल्या, पण योगायोगानं जितक्या निघतील तितक्याच. आमच्या धंद्यातल्या कुणालाही हे पटेल. डेटा भरपूर असला की कुठली ना कुठली रेष सूर्याकडे बोट दाखवणारच.

त्याच १९६८ साली डानिकेनचं पुस्तक आलं. परग्रहवासी, विमानतळ वगैरे. मराठीतही डानिकेन भरपूर वाचला गेला, कॉलेजात आमच्या होस्टेलवर त्याची एक फाटकी प्रत फिरत असे. त्याचा सगळा डोलारा एका गृहीतकावर उभा आहे: चित्र वरूनच दिसतं, म्हणजे बघणारा वर असणार. मला यात खटकतं ते असं की हे गृहीतक आपल्या विमानप्रवासातून आलंय. उन्हात गोटे वेचणाऱ्या माणसांचं श्रेय आपण आपल्या खिडकीच्या सीटवर बसून काढून घेतो. १९८२ मध्ये जो निकेलनं केंटकीत पाच-सहा जणांना घेऊन खुंट्या, दोरी आणि फक्की एवढ्यावर सुमारे १३० मीटरचा नाझ्काचा कोंडोर हुबेहूब काढून दाखवला. दोन दिवसही लागले नाहीत. कबड्डीचं मैदान आखलेल्या कुणालाही याचं विशेष आश्चर्य वाटू नये.

आणि बघणाऱ्याचं म्हणाल, तर बहुतेक प्राणी एकाच सलग, स्वतःला न छेदणाऱ्या रेषेनं काढलेत. एका बाजूनं आत शिरा, चोच, पंख, शेपटी असं चालत चालत दुसऱ्या बाजूनं बाहेर पडा. क्लाइव्ह रगल्स आणि निकोलस साँडर्स यांनी २०१२ मध्ये एका चक्रव्यूहाबद्दल लिहिलं. त्याची वाट ४.४ किलोमीटरची. रगल्सला तो १९८४ मध्ये चालताना, पायाखालीच सापडला. वरून बघून तो चक्रव्यूह आहे हे कळतच नाही, चालल्यावरच कळतं. रेषांच्या कडेला मडक्यांची खापरंही पडलेली आहेत. माणसं तिथे आली, काहीतरी केलं, मडकी फोडली.

सप्टेंबर २०२४ ची बातमी तर थेट माझ्या खात्यातली. जपानच्या यामागाता विद्यापीठाच्या मासातो साकाई यांच्या चमूनं आयबीएमबरोबर विमानातून घेतलेले फोटो एआयला दिले आणि सहा महिन्यांच्या शोधात ३०३ नवी चित्रं नक्की केली. आधी ४३० माहीत होती. एआयनं फक्त जागा सुचवल्या, खात्री करायला माणसांना पायीच जावं लागलं. नव्यांपैकी बहुतेक चित्रं छोटी, सरासरी नऊ मीटरची, माणसं आणि पाळीव प्राणी असलेली, आणि ती पायवाटांच्या कडेला आहेत. जाता-येता दिसावीत अशी. नव्वद मीटरचे जंगली प्राणी मात्र मोठ्या सरळ रेषांच्या जाळ्यापाशी. (आपल्या कोकणात कशेळीच्या सड्यावर सुमारे अठरा मीटरचा हत्ती कोरलाय. शेजारी उभं राहिलं तर नुसत्या खाचा दिसतात. त्यासाठी कुणी परग्रहवासी बोलावले नव्हते.)

म्हणजे आई जिंकली? तसंही नाही. कारण पठारावर चालायला आज बंदी आहे, आणि ती योग्यच आहे. पॅन-अमेरिकन महामार्गानं सरड्याचे आधीच दोन तुकडे केलेत. डिसेंबर २०१४ मध्ये एका पर्यावरण संघटनेचे कार्यकर्ते गुंजनपक्ष्याशेजारी घोषणा मांडायला गेले आणि बुटांचे ठसे ठेवून आले. जानेवारी २०१८ मध्ये एका ट्रकवाल्यानं गाडी आत घातली, तीन रेषांवर चाकं फिरली. ज्या कोरड्या हवेनं रेषा टिकवल्या तीच आपले ठसेही टिकवणार. चालण्यासाठी केलेली जागा आता न चालताच बघायची, असा हा पेच आहे.

तेव्हा शीटमध्ये आता दोन दिवस आहेत. पहिला पूर्ण जमिनीवर. महामार्गाकडेचा राइशबाईंनी १९७६ मध्ये उभारलेला मनोरा, तिथून झाड, हात आणि अर्धा सरडा दिसतो. मग काहुआची, मातीच्या टेकाडांचं त्यांचं तीर्थक्षेत्र. आणि कांतायोकचे पाण्याचे भुयारी पाट. गोल गोल दगडी वाटेनं खाली उतरलं की वाहतं पाणी, त्यावर आजही शेती होते. तिथे मनसोक्त चालता येतं.

दुसऱ्या दिवशी विमान, पहाटेचं, कारण दुपारी वारा वाढतो. आईला फक्त पहिला दिवस सांगितलाय. नाश्ता नंतर.